चढाला लागलेली गाडी
(जुन्या डिझेल इंजिनाची ताकद वाढते ती कशी, याविषयी थोडेसे)

— एक विद्यार्थिनी, एस. वाय. बी. ए.

वार्षिकांकात मोटारीच्या इंजिनावर लेख, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थिनीचा, हे पाहून काही वाचक पान उलटतील. त्यांना एवढीच विनंती, की भोर-वेल्ह्याच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला घाट चुकत नाही, आणि ज्याला घाट चुकत नाही त्याला इंजिनाची कुरकुरही चुकत नाही. आमच्या पालीची माणसे महाडला निघाली की वरंधा, साताऱ्याला निघाली की खंबाटकी, पानशेतकडे निघाली की पाबे घाट. गाडी चढाला लागली, ड्रायव्हरने तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात टाकली, मागून मोटारसायकलवाले पुढे निघून गेले, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. त्या वेळी गाडीच्या आत नेमके काय कमी पडत असते, हे मी या वर्षी शोधून काढले. कारण घरगुती होते.

माझ्या मामांकडे वीस वर्षांहून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. राजगड-तोरण्याला येणारी पुण्याची मंडळी नसरापूर फाट्यावरून आणणे, लग्नाची वऱ्हाडे नेणे, हा त्यांचा धंदा. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन म्हणजे जिच्यात झोपता येते, स्वयंपाक करता येतो अशी गाडी. तेव्हापासून मामांच्या डोक्यात घोळत होते, की आपल्या गाडीतली मागची आसने काढून चार बिछाने, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवावी. गडावर जाणाऱ्यांना पायथ्याला रात्रीचा मुक्कामही होईल आणि आपल्याला दोन पैसे जास्त मिळतील. पण गाडी चढाला दम टाकत होती. शहरातल्या एकाने सल्ला दिला, "टर्बो बसवून घ्या, गाडी पळेल." खर्च लाखाच्या पुढे. मामांनी बाजूला ठेवलेली रक्कम एकच होती. तिच्यातून टर्बो तरी झाला असता किंवा आतले सामान तरी. मामा सातवीपर्यंत शिकलेले. मला म्हणाले, "पोरी, तू कालिजात जातीस, तर एवढं बघून सांग. टर्बोनं खरंच ताकद येती का नुसतं बोलायचं?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा इतिहास आणि मराठी हे माझे विषय असले तरी हा प्रश्न टाळण्याची सोय नव्हती.

आधी या गाडीच्या कुळाविषयी, कारण ते रंजक आहे. 1958 साली नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतल्या 'टेम्पो' या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी काढली. तिच्या तीनचाकी गाड्या इतक्या घरोघर पोचल्या की 'टेम्पो' हा मराठीत सामान्यनाम झाला. आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला टेम्पोच. (भाषेच्या अभ्यासकांनी या शब्दाकडे अवश्य पाहावे.) 2005 साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. ट्रॅव्हलर ही गाडी 1987 पासूनची. तिचा मूळ नमुना मर्सिडीज-बेंझने 1977 साली ब्रेमेन शहरात काढलेली व्हॅन. जुन्या ट्रॅव्हलरचे इंजिनही त्याच घराण्यातले, ओएम 616 या नावाचे. चार सिलिंडरचे, 2.4 लिटरचे, टर्बो नसलेले साधे डिझेल इंजिन. मूळ जर्मन व्हॅनमध्ये ते आधी 65 आणि पुढे 72 अश्वशक्तीचे होते. गंमत अशी, की युरोपात याच व्हॅनमध्ये बिछाने नि शेगड्या बसवून लोक देशोदेशी हिंडतात, आणि आल्प्सच्या चढावर त्यांचीही तक्रार मामांसारखीच असते. इंजिन लाखो किलोमीटर मरत नाही, पण घाईही करत नाही.

आता ताकद म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. एक म्हणजे पीळ, ज्याला इंग्रजीत टॉर्क म्हणतात. आणि दुसरी अश्वशक्ती. विहिरीवरचे जुन्या धाटणीचे ऑइल इंजिन आठवा. जाडजूड फ्लायव्हील, मिनिटाला सहा-सातशे फेरे, अश्वशक्ती पाच-सहा. पण हाताने थांबवू म्हणाल तर हात जाईल. त्याला पीळ भरपूर, पण फेरे थोडे म्हणून काम सावकाश. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे अश्वशक्ती. पीळ गिअरने वाढवता येतो, अश्वशक्ती गिअरने वाढत नाही. दुसरा गिअर टाकला की चाकाला पीळ जास्त मिळतो आणि वेग त्याच हिशेबाने घटतो. क्राऊन-पिनियन बदलून गाडी 'जड ओढणारी' करता येते ती याच न्यायाने, पण मग सपाटीवर इंजिन उगीच ओरडत राहते.

एक अश्वशक्ती म्हणजे 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. एवढे ठाऊक असले की घाटाचा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात होतो. माणसांसह गाडी 3000 किलोची धरू. रस्ता बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढतो असे समजू. गाडीला मागे खेचणारे वजन 3000 भागिले 12, म्हणजे 250 किलो. टायर रस्त्यावर दबत जातात त्याचे सुमारे 45 किलो, आणि ताशी 30 किलोमीटरला हवेचे सातआठ किलो. एकंदर तीनशे किलो धरा. ताशी 30 म्हणजे सेकंदाला 8.33 मीटर. गुणून 75 ने भागले तर जवळजवळ 34 अश्वशक्ती येतात, त्याही चाकापाशी. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये काही वाया जाते, म्हणून इंजिनापाशी 40 हव्यात.

म्हणजे 72 अश्वशक्तीच्या धडधाकट इंजिनाला हा चढ ताशी 30 ने चढणे जड नाही. मग मामांची गाडी पहिल्यात का जात होती? माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हा होता. टर्बोने किती वाढेल हे पाहण्याआधी मूळच्या बहात्तरांपैकी किती उरल्या आहेत, ते पाहायला हवे होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा ओढतो, ती मूळ आकाराच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान जागेत दाबतो. दाबल्याने हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंजिनात खरी टंचाई असते ती हवेची. डिझेल हवे तितके फवारता येईल, पण ते जाळायला हवा हवी. 2.4 लिटरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला 4000 फेरे धरले तर ते मिनिटाला 4800 लिटर, म्हणजे सेकंदाला 80 लिटर हवा ओढते. तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आत. एक ग्रॅम डिझेल स्वच्छ जळायला वीसेक ग्रॅम हवा लागते, म्हणजे सेकंदाला पाचएक ग्रॅम डिझेलच सुखाने जळू शकते. त्यातली पाऊण उष्णता धुरातून, रेडिएटरमधून नि घर्षणात निघून जाते, आणि चाकाकडे जायला सत्तरच्या आसपास अश्वशक्ती उरतात. मी हा हिशेब केला आणि उत्तर कंपनीच्या आकड्याजवळ आले, तेव्हा मला परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्याइतका आनंद झाला. जाता जाता सांगते, महाबळेश्वर 1372 मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्यापेक्षा बाराएक टक्के विरळ. तेव्हा वर गेल्यावर टर्बो नसलेली गाडी मंदावते, त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो.

टर्बोचे कामही यावरून कळते. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. त्याच सिलिंडरात जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल, म्हणून जास्त ताकद. तेव्हा मामांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर 'ताकद येते' असेच आहे.

पण पुढे एक गोष्ट वाचनात आली, आणि माझे मत तिच्यामुळे बनले. ओएम 616 चा एक थोरला भाऊ आहे, पाच सिलिंडरचा तीन लिटरचा ओएम 617. टर्बोशिवाय तो 80 अश्वशक्तीचा होता. 1978 साली मर्सिडीजने अमेरिकेच्या बाजारासाठी त्याला टर्बो बसवला आणि त्याच तीन लिटरमधून 115 अश्वशक्ती काढल्या. मात्र ते करताना कंपनीने नुसता टर्बो बाहेरून लटकवला नाही. पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार सोडून तो गार ठेवण्याची व्यवस्था केली, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आत सोडियम भरलेले घातले, क्रँकशाफ्ट मजबूत केला. ज्यांनी इंजिन घडवले त्यांना एवढे करावेसे वाटले, तर वीस वर्षे झिजलेल्या साध्या इंजिनावर बाजारातला टर्बो चढवणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीच्या छकड्याला जुंपणे. चार दिवस तो पळेलही. मग हेड गॅस्केट जाईल, नाहीतर पिस्टन.

दुसरा एक स्वस्त उपाय आपल्याकडे सर्रास करतात, तो म्हणजे 'पंप वाढवणे'. डिझेल पंपाचा जास्तीत जास्त पुरवठा ठरवणारा स्क्रू असतो, तो थोडा फिरवला की प्रत्येक फवाऱ्यात डिझेल जास्त येते. गाडी जरा जोर धरते, हे खरे. परंतु हवा तितकीच असल्याने वरचे डिझेल अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन मागच्याच्या तोंडावर जाते. शिवाय पिस्टन आणि व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर तापतात. मामांच्या गाडीचाही पंप पूर्वी कोणीतरी वाढवलेला निघाला. म्हणजे धूर वाढवला होता, रोग तसाच होता.

रोग काढला तो आमच्याकडच्या एका मिस्त्रींनी. पहिले दोन दिवस मी प्रश्न विचारायची आणि ते उत्तर मामांकडे बघून द्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कॉम्प्रेशन मीटर दिला आणि आकडे लिहून घ्यायला सांगितले, तेव्हापासून आमचे चांगले जमले. या इंजिनात धडधाकट सिलिंडराचा दाब 22 ते 24 बार असतो. 15 च्या खाली गेला तर ते सिलिंडर संपले असे धरतात, आणि सिलिंडरा-सिलिंडरात तीन बारपेक्षा जास्त फरक नको. आमचे आकडे आले 20, 20, 15 आणि 19. तिसरे सिलिंडर काठावर होते. मी विचारले, "आता लाइनर-पिस्टन?" मिस्त्री म्हणाले, "दम धर बाळा, आधी व्हॉल बघू."

या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. गार इंजिनावर इनटेकला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.30 मिलीमीटर. मला वाटायचे, झिजल्यावर फट वाढत असेल. इथे उलट होते. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल रुतत जातो, त्यामुळे त्याचा दांडा वर येतो आणि फट बुजते. फट पूर्ण बुजली की व्हॉल्व्ह कधीच नीट मिटत नाही आणि दाबलेली हवा निसटते. तिसऱ्या सिलिंडराच्या एक्झॉस्टची फट शून्य होती. सगळ्या फटी लावून पुन्हा मोजले तर 15 चे 19 झाले. खर्च मिस्त्रींच्या अर्ध्या दिवसाचा.

मग एकेक करत पुढे गेलो. टायमिंगची साखळी ताणलेली होती. ती ताणली की पंप मागे पडतो आणि डिझेल उशिरा फवारले जाते. पिस्टन खाली निघाल्यावर पेटलेले डिझेल ढकलण्यापेक्षा सायलेन्सर तापवण्याचेच काम जास्त करते. नवी साखळी घालून पंपाची वेळ लावली. नोझल 115 ते 125 बारला उघडून धुक्यासारखा फवारा देणारे हवेत. आमच्या दोघांतून पिचकारी उडत होती. एअर फिल्टरमध्ये गडाच्या पायथ्याची लाल धूळ इतकी, की मिस्त्रींनी तो आपटला तेव्हा आम्ही सगळे खोकलो. मागचा एक ब्रेक चिकटून चाक धरत होता. सर्वांत मजेशीर प्रकार अॅक्सिलरेटरचा. पायाखालचा पॅडल तळाला टेकला तरी पंपाचा दांडा शेवटपर्यंत जातच नव्हता, कारण मधली जोडणी सैल झाली होती. म्हणजे कित्येक महिने मामा पूर्ण दाबत होते आणि इंजिनाला ते पूर्ण कळतच नव्हते. एक नट आवळून हे काम झाले. हे सगळे झाल्यावर मिस्त्रींनी वाढवलेला पंप पुन्हा मूळ खुणेवर आणला. मामांना ते पटेना. "कमी कशाला करताय?" असे ते दोनदा म्हणाले. पाबे घाटात गाडी घातली, तेव्हा जी वळणे पहिल्यात घ्यावी लागत ती दुसऱ्यात निघाली आणि आरशात धूर दिसला नाही. मग ते गप्प झाले.

राहिला वजनाचा प्रश्न, आणि कॅराव्हॅन करणाऱ्यांनी तो सर्वांत आधी सोडवावा असे माझे मत आहे. वरचाच हिशेब 3000 ऐवजी 2500 किलो धरून केला तर 40 च्या जागी 33 अश्वशक्ती पुरतात. म्हणजे पाचशे किलो उतरवले की सहा-सात अश्वशक्ती फुकट मिळाल्या, आणि त्यांना डिझेलही लागत नाही. सुताराने मामांना 18 मिलीमीटर प्लायवूडची कपाटे सांगितली होती. त्याची 8 बाय 4 ची एक फळी तीस किलोच्या पुढे जाते. अशा दहा फळ्या म्हणजे पाच माणसे कायमची गाडीत बसवली. शंभर लिटरची टाकी भरून घाट चढायचा म्हणजे आणखी शंभर किलो. पाणी गडाच्या पायथ्याला मिळते, ते घाट उतरल्यावर भरावे. शेवटी बिछान्यांना लोखंडी पाइपची हलकी चौकट आणि वर पातळ फळी ठरली, टाकी चाळीस लिटरची. सपाटीवर मात्र वजनापेक्षा हवा छळते. माझ्या ढोबळ हिशेबाने या उंच गाडीला ताशी 80 ला 35 अश्वशक्ती पुरतात आणि ताशी 100 ला 57 लागतात. टपावर सामानाचा पिंजरा लावला की त्यात आणखी भर. महामार्गावर 80 ने जाणे हा या गाडीचा स्वभाव आहे, तो बदलायला जाऊ नये.

इंजिनच बदलून मोठे घालावे, असेही एकाने सुचवले. ट्रॅव्हलरमध्ये पुढे 2596 घनसेंटीमीटरचे टर्बो असलेले कॉमन रेल इंजिन आले, ते ताकदीचे आहे यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर त्याचा संगणक, तारांचे जाळे, रेडिएटर, क्लच असा सगळा संसार आणावा लागतो. आणि कायद्याचा भाग वेगळाच. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी-पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी आधी हवी. बसण्याच्या गाडीची झोपण्याची गाडी करायची तरी तेच. मामांचा अर्ज सध्या त्या खिडकीवर आहे आणि तोपर्यंत बिछान्यांच्या चौकटी आमच्या पडवीत उभ्या आहेत.

ताकद वाढवण्याच्या बोलण्यात उतार कोणी धरत नाही, म्हणून शेवटी त्याविषयी. गाडी चढताना जेवढी ताकद लागली, तेवढीच उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये जिरवली तर ड्रम तापतात, लाइनरला वास येतो आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर पंप डिझेल बंद करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. ते ओझे गाडीला धरून ठेवते. मात्र इंजिनाचा हा लगाम साध्या डिझेलमध्ये बेताचाच असतो. टर्बो बसवून इंजिनाची ताकद दीडपट झाली, तरी उतारावरचा लगाम आणि ब्रेकचे ड्रम होते तेवढेच राहतात. घाटावर दीडपट वेगाने पोचलेली गाडी पलीकडे उतरवायची ती त्याच ड्रमांवर. मामांना टर्बोचा नाद सोडायला लावला तो माझ्या आकडेमोडीपेक्षा या एका मुद्द्याने, कारण त्यांनी वरंध्यात तापलेल्या ब्रेकचा वास घेतलेला आहे. शिल्लक रकमेतून त्यांनी आधी चारही चाकांचे लाइनर आणि मास्टर सिलिंडर नवे घातले, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, असे हाताखालच्या पोराला बजावून ठेवले आहे.